फावडं आणि घमेलं

हरसूलहून नाशिकला बांधकामावर आलेल्या काळूचं काम फावड्याने घमेल्यात वाळू भरायचं, आणि त्याच्या बायकोचं, ललिताचं, ते घमेलं डोक्यावरून दुसऱ्या मजल्यावर न्यायचं. साऱ्या साइटवर नवरा-बायकोच्या जोड्यांची कामं अशीच वाटलेली. काल ललिता दमून म्हणाली, "जरा कमी भर ना." काळूने चारचौघांत तिला उडवून लावलं. "खरी ताकद फावड्याला लागते. तुला तर नुसतं न्यायचं हाय!" वर हट्टाने आणखी एक फावडं ओतलं. त्याच खेपेला जिन्यात तिचा पाय मुरगळला.

म्हणून आज कामं बदलली. सुजल्या पायाने ललिता एका जागी उभी राहून भरत होती, काळूच्या डोक्यावर घमेलं चढवत होती आणि वर गवंडी ते उतरवून घेत होता. दहाव्या खेपेला काळूची मान अवघडली, पोटऱ्या लटपटायला लागल्या. 'कमी भर' एवढं ओठांवर आलं होतं, पण तिच्या पायाकडे नजर गेली आणि त्याने ते गिळलं. कुठल्या तोंडाने सांगणार?

धापा टाकत तो कसाबसा वर पोचला. गवंडी घमेलं उतरवून घेत हसला.



"काय रे काळू, सकाळपासनं अर्धंच आणतोयस? ललिता तर रोज शिगोशीग आणायची."