जिवंत असल्याचा पुरावा

"चाळीस वर्षं शाळा वठणीवर आणली, या यंत्राची काय बिशाद!" नायजेरियातल्या इबादानच्या अडेगोके गुरुजींनी गर्जना केली आणि राउटरऐवजी पंखाच बंद केला.

"अहो फोलारिनचे बाबा, मरायच्या आत जोडा म्हणजे झालं," बायको मोरेनिके फिसकारली.

बाराच्या आत कॅमेऱ्यासमोर बसून जिवंत असल्याचं दाखवायचं, नाहीतर पेन्शन बंद.

राउटर बंद करून पुन्हा लावला. तिसऱ्यांदा पासवर्ड घातला. वायफाय लागलं, गुरुजी खुर्चीत बसले, लॅपटॉपवर खोली दिसू लागली. भिंत, कॅलेंडर, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी मोरेनिके. खुर्ची रिकामी.

गुरुजींनी हात हलवला. पडद्यावर काही हललं नाही.

मोरेनिकेने खुर्चीवरचा हात हळूच काढून घेतला.

"अहो आई," पलीकडचा अधिकारी खेकसला, "बाराला चार मिनिटं उरलीत. गुरुजींना जरा बोलावता का?"