उशिराची जात

"हौसाकाकी, तुमची स्ट्रॉबेरी बाजारात गेली आणि माझ्या वाफ्यांत नुसती पानं," नवी शेजारीण सुरंगा बांधावरून रडवेली होऊन म्हणाली. "तुम्ही निवडून रोपं दिलीत, माझ्याच हाताला गुण नाही. सासूबाई अवलक्षणी म्हणतात. उद्या सगळी उपटते."

हौसाबाईंना तिच्याकडे बघवेना. पहिला बाजार आपल्यालाच मिळावा, म्हणून लवकर फळणारी रोपं स्वतःला ठेवून त्यांनी हिला मुद्दाम उशिराची जात दिली होती.

"उपटू नकोस," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "उशिराची रोपं मीच दिली तुला, जाणूनबुजून. फेब्रुवारीत फळ धरेल."

सुरंगा एवढंच म्हणाली, "हे आमच्या घरी येऊन सांगाल?"

हौसाबाई गेल्या. तिच्या सासूसमोर उभ्या राहून सगळं बोलल्या. त्यांना कुणी 'बसा' म्हटलं नाही.