मीराने मोजलेले दिवे

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही आठ वर्षांचे आहात. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, जूनचा पहिला आठवडा. मरोळच्या एका औषधांच्या कारखान्यात कामगारांच्या मुलांना वह्या वाटताहेत आणि तुम्ही कँटीनमध्ये रांगेत उभे आहात. खांद्यावर आजोबांचा हात आहे. समोर टेबलाशी एक बाई बसल्या आहेत आणि त्या तुमच्याकडे बघून हसताहेत.

आता टेबलाच्या पलीकडे या आणि त्या बाईंच्या शेजारी उभे राहा. त्यांच्या मनात काय आहे, ते तिथूनच दिसतं.

बाईंचं नाव जया. कंपनीची पर्सोनेल ऑफिसर. कोणाला नोकरीवर घ्यायचं, कोणाला कधी निवृत्त करायचं, सगळे कागद तिच्या कपाटात. बी.कॉम.ला पहिला वर्ग मिळाला तेव्हा तिला बँकेतून बोलावणं आलं होतं. कांजूरमार्गच्या चाळीत पेढेही वाटून झाले होते. पण जया बँकेत गेलीच नाही. तिने कामगार कल्याणाचा डिप्लोमा केला आणि ह्याच कारखान्यात अर्ज टाकला.

"अगं, पंख्याखाली बसून नोटा मोजल्या असत्यास," तिचे वडील भाऊराव म्हणाले.

"मला नोटा नाही मोजायच्या, बाबा. मला फायली बघायच्यात."

खरं तर तिला एकच फाईल बघायची होती. टायमकीपर बळवंतराव गुप्त्यांची.

नवा कामगार आला की रजिस्टरात त्याचं वय लिहायचं काम गुप्त्यांचं. जन्माचा दाखला नसेल तर ते चेहरा बघून वय लिहीत. जयाची आई द्रौपदी बाटल्या धुवायला लागली, तेव्हा तिचे पिकलेले केस बघून त्यांनी नऊ वर्षं जास्तीची लिहिली. एकोणपन्नासाव्या वर्षी द्रौपदी कागदावर अठ्ठावन्नची झाली आणि निवृत्त होऊन घरी बसली. तेरा वर्षांची जया तिच्याबरोबर टाइम ऑफिसच्या खिडकीशी गेली होती.

"दाखला आण," गुप्ते म्हणाले होते. "नसेल तर आरशात बघ."

दोन वर्षं जयाने त्यांची फाईल उलटीपालटी केली. वय चोपन्न, निवृत्तीला चार वर्षं. अक्षर गुप्त्यांचंच. शाळेचा दाखला नाही. पण दाखला नाही म्हणजे लिहिलेलं वय खोटं, असं कसं सिद्ध करणार?

आज तेच गुप्ते नातीला, मीराला, घेऊन टेबलाशी उभे होते. मीराचे वडील गेल्या वर्षी वारले. घरात कमावणारे एकटे आजोबा. हेही फायलीत होतं.

"कितवीत गेलीस गं?" जयाने सहज विचारलं.

"तिसरीत."

"अरे वा! मोजता येतं का शंभरपर्यंत?"

"कधीपासूनच! आजोबांच्या एकसष्टीला सगळे दिवे मीच मोजले. एकसष्ट! एक विझला होता, तो परत लावायला लावला मी आजीला."

जयाने पेन खाली ठेवलं. वह्यांचा गठ्ठा तसाच राहिला.

"पोर आहे, काहीही बोलते," गुप्ते घाईघाईने हसले. "चल गं, वह्या घे."

"काहीही नाही!" मीरा फणकारली. "एकसष्टच होते!"

जया पुढे वाकली. शिकवणाऱ्या बाई वाकतात ना, तशीच, अगदी मायेने.

"आजोबांचा साठावा वाढदिवस झाला म्हणून ओवाळलं?"

"हो. मे महिन्यात. फोटो पण काढलेत."

"शाब्बास! आता हेच जरा मोठ्याने सांग बघू. ह्या दशरथकाकांना ऐकू आलं नाही."

शेजारी बसलेल्या कारकुनाने मान खाली घातली. त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. मीराने मात्र हात पाठीमागे बांधले आणि कविता म्हणावी तसं सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. रांगेतली बडबड थांबली.

"दशरथ, ऐकलंत ना? लिहून घ्या," जया म्हणाली. मग तिने मान वर केली. "बळवंतराव, सोमवारी शाळेचा दाखला घेऊन या. तोवर कामावर येऊ नका."

गुप्त्यांचा हात मीराच्या खांद्यावरून खाली आला. "बाई, मी काय वाकडं केलंय तुमचं?"

ह्या प्रश्नासाठी जया बारा वर्षं थांबली होती. उत्तर तोंडपाठ होतं.

"द्रौपदी कासारे. बाटल्या धुवायच्या खात्यात होती."

गुप्त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आठवून बघितलं, अगदी मनापासून बघितलं.

"कोण?" ते म्हणाले.

जयाला पुढचं काही पाठ नव्हतं.

मीरा एकदा आजोबांकडे, एकदा बाईंकडे बघत होती. "आजोबा, माझं चुकलं का मोजायला?"

"नाही गं बाळा," गुप्ते म्हणाले. "तू बरोबर मोजलेस." आणि वह्या न घेताच ते दाराकडे वळले.

मीरा मात्र लगेच गेली नाही. टेबलाच्या कडेला धरून ती टाचा उंचावून उभी राहिली.

"तुमचं नाव काय?"

"जया."

"पूर्ण नाव सांगा."

"जया भाऊराव कासारे."

मीराने मान डोलावली. मग ती आजोबांच्या मागे धावली, त्यांचं बोट धरलं, आणि पाढा पाठ करताना म्हणतात ना, तसं ते नाव ओठांतल्या ओठांत पुन्हा पुन्हा म्हणत फाटकाबाहेर गेली.