शाळेच्या मागून

"रोहण्यातून सिद्धे येजा भाऊ. डांबरी रस्ता सोडू नका. पांढरं विहार लागंल, त्याच्या पुढं शाळा. शाळेच्या मागून वळले का आमचंच घर."

प्रेमदासने फोन खाली ठेवला. बोलताना आवाज एकदाही अडकला नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. ओसरीत चटईवर त्याची बायको अन्नपूर्णा पडली होती. ओठ निळे पडले होते, श्वास घोरल्यासारखा चालला होता. सून मयुरी तिची छाती चोळत होती. अर्धं जेवलेलं ताट तसंच बाजूला होतं.

"निघाली का दवाखान्याची गाडी?" मयुरीने विचारलं.

"निघाली."

धरणाच्या काठावरची ही काही कुठल्या गावात मोजली जाणारी वस्ती नव्हे. यांचं जुनं गाव मांडवघाट धरणात गेलं तेव्हा बाकीचे पुनर्वसनात गेले. ही दहा-बारा घरं पाण्याच्या कडेला टिनं ठोकून बसली. मासोळी धरायची, पाणी उतरलं की मोकळ्या झालेल्या गाळात भाजी पेरायची. ग्रामपंचायत नाही, पाटी नाही, धड नावही नाही. लोक नुसतं 'काठावरचे' म्हणतात. जुनं गाव यांनी सोडलं म्हणावं तर तेही नाही. त्या पाण्यावर डोंगा हाकताना अजून तोंडी तेच: "विहारावर जाळं टाकजो, तिथं मासोळी लागते." "शाळेवर गाळ लय हाय." पाहुणा ऐकतो आणि हसतो. यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पत्ता तो पत्ता.

वस्तीतले दोन्ही डोंगे सकाळीच पाण्यावर गेले होते, माणसं त्यांच्याबरोबर. प्रेमदास उंबऱ्यात बसून राहिला. आपण घाबरायला पाहिजे, असं त्याला वाटत होतं. भीतीही येत नव्हती आणि रडूही येत नव्हतं. हातावर माशी बसली होती, ती उठवायचंही सुचत नव्हतं.

"पाय तरी चोळा ना, बाबा," मयुरी म्हणाली.

तो चोळू लागला. पाय थंडगार होते.

बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"काका, तुम्ही सांगतल्या रस्त्यानंच आलो. पन रस्ता तर पान्यात गेला. शाळा कुठं हाय?"

प्रेमदासने मान वर केली. पाण्यापलीकडे, जुना रस्ता बुडतो तिथे, पांढरी गाडी उभी होती. टपावरचा दिवा गरगर फिरत होता. आवाज मात्र इथवर येत नव्हता. आपण काय सांगून बसलो, ते तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. नहराच्या कडेचा रस्ता सांगायचा होता. धरण भरल्यापासून सगळे त्याच रस्त्याने येतात-जातात, मयुरी नवरी होऊन आली तीही त्याच रस्त्याने. आता मागे फिरून नहरावरून यायचं म्हणजे तासाभराचा फेरा.

"मांगं फिरा," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात मयुरीचा हात थांबला. तिने सासूच्या नाकाशी बोटं धरली, खूप वेळ धरून ठेवली. मग अन्नपूर्णाचाच पदर ओढून तिच्या तोंडावर घातला.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. तीही रडली नाही.

फोन कानाशीच होता.

"काका? ऐकून राह्यले ना? चुकलो का मी?"

"नाई भाऊ, बराबर आले," प्रेमदास म्हणाला. "शाळा तुमच्या समोरच हाय."

पलीकडे तो माणूस गाडीतून उतरला आणि पाण्यात पाहू लागला.