फितींचा क्रम

निवृत्त जर्मन जनरलचा कोट इस्त्री करण्याआधी हमीद परकारने छातीवरच्या पदकांच्या सातही फिती उसवल्या, पण फोटो काढून ठेवायला विसरला. जनरलसाहेब उतरले होते त्या सौदीतल्या अल-खोबरच्या हॉटेलात तो शिंपीकाम करायचा. आणखी एक तक्रार आली तर पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का मारून कायमचा राजापूरला पाठवीन, असं मॅनेजर कालच म्हणाला होता. आणि जनरलसाहेबांना अर्ध्या तासात सौदी अधिकाऱ्यांबरोबर जेवायला जायचं होतं.

काही केल्या जुना क्रम आठवेना. शेवटी हमीदने आपल्या अकलेने फिती ओळीत शिवल्या आणि कोट घेऊन वर गेला.

जनरलसाहेबांनी कोट अंगात घातला, आरशात पाहिलं आणि ते थबकले.

"हा क्रम कुणी लावला?"

हमीद म्हणाला, "मीच, साहेब. इस्त्रीसाठी काढल्या होत्या. सगळ्यात झिजलेली फीत सगळ्यात जुनी असणार, म्हणून ती पहिली लावली."

"ती अफगाणिस्तानची," जनरलसाहेब म्हणाले. "सगळ्यात नवी."

बोलता बोलता त्यांचा अंगठा त्या फितीवर गेला आणि तिथेच घासत राहिला.