जवरीलाल शेठची लढाईतली जीप

"भोकं पाडा," जवरीलाल शेठ म्हणाले. "गोळ्या लागल्यासारखी. बॉनेटवर, समोरून दिसतील अशी."

कौतिक मिस्तरीने ब्रश डब्यात टाकला आणि शेठकडे नुसतं पाहिलं. शेठचं जळगावात कापडाचं दुकान होतं. लढाई त्यांनी लग्नसराईत काउंटरवर पाहिली असेल तेवढीच.

"शेठ, हिनं कधी लढाई पाहेल शे का?" कौतिक म्हणाला. "हिनं केळीचे घड पाहेल शेत."

"इंग्रजांच्या फौजेतली आहे, मिस्तरी. लिलावात निघाली होती."

"बठ्ठे असंच सांगतात."

जीप आसोद्याच्या केळीवाल्याकडून आणली तेव्हा तिची पार रया गेलेली होती. इंजिन केव्हाच बदललेलं, नंबराची पट्टी गायब, बॉनेटवर 'मरीमातेची कृपा'. कौतिकने ती सोलून काढली होती. आतल्या पत्र्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, ते त्याने घासले. तळ सडलेला होता, तो बदलला. उजव्या सीटखाली, बाजूच्या पत्र्याला केळीवाल्याने दोरखंड ओवायला तीन भोकं पाडली होती. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत कौतिकने ती वेल्डिंगने बुजवली, वर पुट्टी भरली आणि पॉलिश पेपर मारला. मग शेवाळी हिरवा रंग आणि बॉनेटवर पांढरी चांदणी. त्याच्या कामाबद्दल त्याला एकच सांगायचं असे, "कुणाच्या बोटाले जोड लागला तर मिशी उतरवीन." ती अजून शाबूत होती.

शेठना मात्र हा रंग पसंत नव्हता. पोपटी आणि चकाचक हवा होता. कौतिकने ते ऐकलंच नाही. भोकांपुढे मात्र त्याचं काही चालेना. शेवटी त्याने बॉनेटवर ड्रिल लावलं आणि मुद्दाम एका ओळीत भोकं पाडली, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. शेठ खूष झाले. अडाण्याला कशाचंही कौतुक, असं म्हणून कौतिकने हात धुतले.

शेठना जीप जिथे मिरवायची होती ते प्रदर्शन धुळ्याला होतं. जुन्या गाड्यांची मिरवणूक निघायची आणि तिच्या पुढे कोणती गाडी, हे झुलाल नाना ठरवणार होते. नाना लढाईत ब्रह्मदेशात जीप चालवत. परत आल्यापासून ते स्वतःची ती जीप शोधत होते. जिथे जुनी जीप दिसेल तिथे जायचे, हात फिरवायचे, नाही म्हणायचे. नानांनी 'हीच ती' म्हटलेल्या गाडीला पहिला मान, असं आयोजकांनी जाहीर केलं होतं.

"म्हाताऱ्याले मिरवायचं शे, दुसरं काय," कौतिक म्हणाला. त्याला शेठही पटत नव्हते आणि नानाही.

नाना आले. अंगात जुना कोट, त्यावर पदकं, डोळ्यांत मोतीबिंदू. शेठ लगेच पुढे झाले आणि बॉनेट दाखवत जपान्यांच्या गोळीबाराचं असं वर्णन करू लागले, जणू तेच स्टिअरिंगवर होते. नानांनी भोकात बोट घातलं आणि खो खो हसले.

"हाई ड्रिलनं काम शे."

गर्दी हसली. शेठचा चेहरा उतरला. कौतिकला गुदगुल्या झाल्या.

वाटलं, नाना आता निघतील. पण ते चढून डावीकडच्या स्टिअरिंगमागे बसले. गिअर टाकून पाहिला, पुन्हा टाकला. डोळे मिटून त्यांनी शेजारच्या सीटवर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की शेठही बडबड विसरले.

मग नाना घाईघाईने उतरले आणि फिरून उजव्या बाजूला आले. गुडघे टेकून त्यांनी सीटखालच्या बाजूच्या पत्र्यावर बोट ठेवलं. पुढून मागे नेलं. मागून पुढे आणलं. पत्रा काचेसारखा गुळगुळीत होता.

कौतिकने मिशीवरून हात फिरवला.

नाना उठले. त्यांना उठायला दोघांचा आधार लागला. म्हाताऱ्याचा चेहरा पार पडला होता.

"हाई ती नही," ते म्हणाले आणि चालू लागले.

कौतिकला हसू आवरेना. "नाना, सीटखाली काय शोधत व्हते? हरवलेला चष्मा?"

नाना थांबले.

"तीन भोकं. गोळ्या तठूनच आत शिरल्या. त्या सीटवर मना सख्खा भाऊ बठेल व्हता."