दोन दिवस हायडेलबर्गला

१९८४च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून भारतात जाताना श्रीरंग आणि सरला वाटेत दोन दिवस जर्मनीतल्या हायडेलबर्गला थांबणार होते. सरलाने नदीकाठच्या एका जुन्या हॉटेलला फोन लावला, तोच श्रीरंगने रिसीव्हर ओढून घेतला.

"तुझं इंग्लिश इथल्या दुकानदाराला कळत नाही. तिथे काय कळणार?"

पण पलीकडच्या म्हाताऱ्या मालकिणीला त्याचंही इंग्लिश कळेना. तो आवाज चढवून तेच तेच सांगत राहिला आणि शेवटी "अडाणी आहे बाई," म्हणून फोन ठेवायला लागला. सरलाने रिसीव्हर घेतला आणि जर्मनमधून बोलून खोली बुक केली.

"तुला जर्मन येतं?"

"पुण्यात चार वर्षं शिकले. तुम्ही मला बघायला आलात, तेव्हा बाबांनी सांगितलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, 'पोळ्या येतात ना?'"